नव्या सरपंचासाठी: गावाची काळजी घ्यायची म्हणजे रोज नेमकं काय करायचं

गुलाल धुऊन झाला, सत्काराच्या शाली घडी घालून ठेवल्या, की हातात पाच वर्षं उरतात. त्यातले पहिले दोन-तीन महिने मला सगळ्यात मोलाचे वाटतात, कारण गाव आपल्या सरपंचाला त्याच काळात जोखतं. मी सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांत ग्रामसेविका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. त्या पदाला हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण काम तेच: सरपंचाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं, दप्तर सांभाळायचं, ठराव लिहायचे. त्या खुर्चीतून मी फार चांगली माणसं पाहिली. आणि चांगल्या घरातली, शिकलेली माणसं दोन वर्षांत गावापासून तुटत गेलेलीही पाहिली. ती वाईट नव्हती. गावाची काळजी कशी घ्यायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

नेतृत्वाची नीतिमत्ता घसरली असं म्हणताना लोक मुंबई-दिल्लीकडे बोट दाखवतात. मी आधी ग्रामपंचायतीकडे दाखवीन. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द करावी लागली. कारण काय, तर सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्यात तर पैसा देवळाच्या जीर्णोद्धाराला जाणार होता, म्हणजे कुणाच्या खिशात जाणार नव्हता, असं समर्थनही झालं. पण ज्याने बोली लावून खुर्ची घेतली, त्याच्यापुढे एखादी विधवा बाई पाण्याची तक्रार घेऊन कुठल्या हक्काने उभी राहणार? तिने मत दिलेलंच नाही, मग त्याला विचारायचं कसं? ही दोन गावं उघडकीला आली. बाकी ठिकाणी बोली नसते, खर्च असतो. जेवणावळी, गाड्या, देवदर्शनाच्या सहली, मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटं. तिथेही शेवटी तेच होतं.

आधी पैशाची गाठ सोडवा

निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. नाही दिला तर अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. बहुतेक जण हा कागद कुणाकडून तरी भरून घेतात आणि मोकळे होतात. तुम्ही तो स्वतः बसून भरा. त्याच रात्री एक दुसरा कागदही घ्या आणि त्यावर खरं लिहा: कुणी किती दिले, कुणाची गाडी फिरली, डिझेल कुणी भरलं, मटण कुणाच्या शेतात शिजलं. हा कागद कुणाला दाखवायचा नाही. पण पुढच्या पाच वर्षांत तुमच्या दारात कोण काय मागायला येणार आहे, याची ती यादी असते.

त्यात एखादा ठेकेदार असतोच. त्याचे पैसे पहिल्या वर्षात परत करा. शेळ्या विकाव्या लागल्या तरी विका, बायकोशी किंवा नवऱ्याशी बोलून ठरवा, पण परत करा. परत करताना साक्षीला एक माणूस असू द्या. पैसे द्यायला तुमच्याकडे नसतील तर निदान तोंडावर सांगा की हे उसने आहेत, कामाच्या बिलातून फिटणार नाहीत. एकदा का पेव्हर ब्लॉकच्या कामात ते फिटले, की पुढे त्या रस्त्यावर खड्डा पडला तरी तुमचं तोंड उघडत नाही. आणि कायदाही बघा. ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध ठेवणारा सदस्य १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्र होतो. मेव्हण्याच्या नावावर ठेका घेणाऱ्यांना वाटतं, कुणाला कळत नाही. गावात पहिल्या दिवशी कळतं. तक्रार मात्र तुमचं कुणाशी तरी वाकडं आल्यावरच होते.

सरपंचाला मानधन फार नाही. २०२४ मध्ये ते दुप्पट झालं, तरी २,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला महिना ६,००० रुपयेच आहे. त्यावर घर चालत नाही. म्हणून शेती, दुकान, दूध, जे काही असेल ते सोडू नका. ज्याची चूल ग्रामपंचायतीवर पेटते त्याला नाही म्हणता येत नाही, हे मी बघितलेलं आहे.

डोंगल खिशात ठेवा

पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागायच्या. कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवणारे सरपंच तेव्हाही होते. आता पैसे ऑनलाइन जातात आणि सही म्हणजे संगणकाला लावायचं, डिजिटल सहीचं एक छोटं डोंगल झालंय. ते बहुतेक गावांत संगणकावर बसणाऱ्या पोराच्या ड्रॉवरमध्ये असतं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. मी ग्रामसेविका होते, आणि तरीही सांगते: ते आमच्याकडेही ठेवू नका. आमच्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होत नाही. गावाचा पैसा जाताना त्या जागी तुमचं डोकं हजर पाहिजे, एवढाच अर्थ.

पैसे सोडण्याआधी तीन गोष्टी बघा. कामाचा ठराव कुठल्या सभेत झाला, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय, आणि काम डोळ्यांनी पाहिलंय का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. गटाराची लांबी पावलांनी मोजता येते, त्याला इंजिनिअर लागत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे आकडे पाठ करा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, यंदा या तिन्ही रकमा किती होतात आणि कुणासाठी खर्च होणार आहेत. नाहीतर मार्च महिन्यात घाईघाईने भांडी, खुर्च्या किंवा शिलाई मशीन घेतली जातात आणि ज्याला कुबडी हवी होती त्याला ताट-वाटी मिळते.

जे कार्यालयात येत नाहीत त्यांची वही

आता मुख्य कामाकडे येते. माझ्या मते काळजी घेणारा सरपंच आणि नुसता कामं करणारा सरपंच यांच्यात फरक एवढाच की पहिल्याला माहीत असतं, गावात कोण दिसत नाहीये.

ग्रामपंचायतीत रोज येणारी माणसं ठरलेली असतात. त्यांना दाखला हवा असतो, कुणाचं अतिक्रमण काढायचं असतं, कुणाला नुसतं बसायचं असतं. सरपंच त्यांनाच गाव समजायला लागतो. पण दोन किलोमीटरवरच्या वस्तीत एकटी राहणारी म्हातारी, मुलं पुण्याला आणि ती इथे, ती कधीच येत नाही. दारूड्याची बायको येत नाही. ज्याचा मुलगा मतिमंद आहे तो बाप येत नाही, कारण पोराला कुणाजवळ ठेवायचं हा त्याचा रोजचा प्रश्न आहे. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली कुटुंबं तर चार-पाच महिने गावातच नसतात, आणि त्यांच्या मागे राहिलेली आजी आणि नातवंडं कुणाच्या हिशोबात नसतात.

एक दोनशे पानी वही घ्या. वस्तीवार पानं पाडा. प्रत्येक पानावर अशी घरं लिहा: एकटे राहणारे वृद्ध, विधवा आणि परित्यक्ता, दिव्यांग, लांबच्या आजाराचे पेशंट, शाळा सुटलेली मुलं, स्थलांतर करणारी कुटुंबं. नावापुढे चार रकाने: काय अडलंय, कुठल्या कार्यालयात, कुणी जायचं, कधी झालं. बस, एवढंच. माहिती गोळा करायला सर्व्हे काढू नका, लोक सर्व्हेला विटलेत. आशाताईला बसवा, चहा द्या आणि विचारा. अंगणवाडी सेविकेला विचारा, रेशन दुकानदाराला विचारा की अंगठा कुणाचा उठत नाही, पोस्टमनला विचारा. एका दुपारी निम्मी वही भरते. राहिलेली भरायला तुम्हाला वस्तीवर जावं लागेल, आणि ते बरंच आहे.

मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यात एक सरपंचबाई होत्या, आधी रोजंदारीवर खुरपायला जाणाऱ्या. सही करायला निवडून आल्यावर शिकल्या. त्यांनी आठवड्यातली एक सकाळ ठरवली होती, त्या दिवशी कार्यालयात यायच्याच नाहीत. एक वस्ती धरायच्या आणि चालत जायच्या. मागे लवाजमा नको म्हणायच्या, सदस्यांनाही नको. उंबऱ्यावर बसून पाणी मागायच्या आणि घरात बघायच्या. ‘मॅडम, चूल थंड दिसली की मी काही विचारत नाही, थेट रेशनचं बघते,’ असं त्या मला म्हणाल्या होत्या. एका वस्तीवर त्यांना असे एक आजोबा सापडले की ज्यांचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे निराधार वृद्धांना मिळणारे पैसे खात्यात येत होते, पण बोटांचे ठसे झिजल्यामुळे मशीन अंगठा घेत नव्हतं. गावातल्या केंद्रवाल्याने त्यांना दर महिन्याला परत पाठवलं होतं, आणि आजोबांनी समजून घेतलं होतं की पैसे बंद झाले. बाईंनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून बँकेत नेलं, स्लिपवर शाईचा अंगठा आणि ओळखीचा साक्षीदार देऊन पैसे काढून दिले. पैसे सगळे होते, साठलेले. आजोबा त्या काळात शेजाऱ्याच्या भाकरीवर जगत होते. या कामाला निधी लागला नाही, ठराव लागला नाही, आमदाराचं पत्र लागलं नाही.

म्हणून वहीबरोबर काही योजना तोंडपाठ ठेवा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ यांचे महिन्याला १,५०० रुपये (दिव्यांगांना आता २,५००) तहसीलमधून मंजूर होतात, आणि दर वर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर थांबतात. आता पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे ज्याचं आधार जोडलेलं नाही किंवा भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं आहे, त्याचे पैसे अडकतात किंवा कुठे गेले तेच कळत नाही. हयातीच्या दाखल्यांसाठी वर्षातून एकदा तलाठ्याला वस्तीवर घेऊन जा. म्हाताऱ्यांना तालुक्याला बोलावण्यापेक्षा एका माणसाने वस्तीवर जाणं सोपं असतं.

ही वही ग्रामसभेत वाचायची नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. मदत देतानाचे फोटो काढू नका. कुणाला शंभर रुपयांचा किराणा दिला आणि चौघांनी पिशवीला हात लावून फोटो काढला, तर ती बाई पुढच्या वेळी उपाशी राहील पण सांगणार नाही.

ज्या घरात माणूस गेलाय तिथे

सरपंच अंत्ययात्रेला जातातच. गावात तो रिवाज आहे आणि तो चांगला आहे. पण खरी गरज दहाव्यानंतर सुरू होते, पाहुणे परतले की. तेव्हा परत जा आणि कागदाचं बोला. हे बोलायला संकोच वाटतो, पण घरातल्या बाईला याच वेळी कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदम द्या, कारण बँक, विमा, तहसील, शाळा सगळीकडे लागतात. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा होता आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली आहे, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये मिळतात. शेतकरी अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाखांची मदत आहे. तिचा अर्ज कृषी कार्यालयात जातो आणि मुदत थोडी असते, म्हणून हा कागद सगळ्यात आधी हलवा. सापाने चावणं, विहिरीत पडणं, विजेचा धक्का, अशा प्रकरणांत पोलिस पंचनामा आणि शवविच्छेदन झालं नसेल तर बहुतेक वेळा पुढे काही करता येत नाही, तेव्हा त्या दिवशीच, रडारड चालू असताना, एका शहाण्या माणसाने तिकडे लक्ष द्यावं लागतं. तो माणूस तुम्ही व्हा. आत्महत्या असेल तर एक लाखाच्या मदतीचा प्रस्ताव जिल्ह्याच्या समितीपुढे जातो. पण त्या घरी पैशाच्या आधी दुसरं काम आहे: सावकार कोण आहे ते विचारा आणि तो दारात येणार नाही हे बघा.

वारसनोंदीत बाईचं नाव लागलं का, ते तीन महिन्यांनी सातबारा काढून स्वतः तपासा. दिरांनी ‘वहिनी, आमच्यावर सोडा’ म्हटलेलं असतं. सगळे दीर वाईट नसतात. पण सातबाऱ्यावर नाव आल्याशिवाय तो विषय संपत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात होऊ द्यायचं नाही, असा. कोरोनात गेलेल्या तरुण माणसांच्या बायकांचं दुःख गावाने जवळून पाहिलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. मग गावोगाव ठराव झाले. काही ठिकाणी मी प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, पाहिलं, सूचक पुरुष, अनुमोदक पुरुष, चर्चेत एकाही विधवेचं नाव नाही. तुम्ही असा ठराव करणार असाल तर आधी त्या बायकांकडे जा. त्यांना काय हवंय ते विचारा. एखादीला कुंकू लावायचं नसेल, तिची तशी इच्छा असेल, तर तिला व्यासपीठावर ओढू नका. एखादीला हळदी-कुंकवाला बोलावणं हवं असतं, एवढंच. आणि ठराव झाल्यावर पुढचं मरण जिथे होईल तिथे तुम्ही स्वतः, बायका बरोबर घेऊन, बांगड्या फोडायची वेळ येण्याआधी पोहोचा. ठरावाची परीक्षा त्या अर्ध्या तासात होते.

ग्रामसभा खरी घ्या

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. विनाकारण टाळल्या तर सरपंचपद जाऊ शकतं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. आणि इथेच खेळ चालतो. सोयीची नसलेली वेळ ठेवायची, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते म्हणून दहा माणसांत सगळं मंजूर करून घ्यायचं. नाहीतर शिपायाला रजिस्टर घेऊन घरोघर सह्यांना पाठवायचं. कागदावर सभा झाली, गावाला पत्ता नाही. असं करणारा सरपंच कायद्यात सापडत नाही, पण गाव त्याला मनातून सोडून देतं.

वेळ बायकांना विचारून ठरवा. आमच्या भागात सकाळी धारा आणि डबे, दुपारी शेत, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर बरं पडायचं. आषाढीच्या आधी दिंड्या चालू असताना ठेवू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, ती देवळात न घेता अंगणवाडीत किंवा शाळेत घ्या, म्हणजे सगळ्या जातीच्या बायका मोकळ्या बसतात. एक सभा दलित वस्तीच्या समाजमंदिरासमोर घेऊन बघा. गावाला थोडं बोचेल. बोचू द्या.

तक्रार आली की ‘बघू’ म्हणू नका. तारीख द्या, किंवा हे होणार नाही असं स्पष्ट सांगा आणि कारण सांगा. पुढच्या सभेची सुरुवात मागच्या सभेतल्या तारखांनी करा: हे झालं, हे राहिलं, यामुळे राहिलं. लोकांना नकाराचा राग कमी येतो, झुलवण्याचा जास्त येतो.

मतदान घेऊन प्रश्न मिटवायची घाई नको. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत घालून दिली. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय टिकतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं, ते याच बळावर. आपल्याकडे भावकी आणि गट-तट असताना सगळ्यांचं एकमत रोज होणार नाही, हे मला कळतं. पण स्मशानभूमी, पाणी, गायरान अशा विषयांत तरी ५१ विरुद्ध ४९ करू नका.

आणि पहिलं काम त्या वॉर्डात काढा जिथे तुम्हाला मतं मिळाली नाहीत. तुमचे कार्यकर्ते चिडतील, ‘आम्ही कशाला मेलो मग’ म्हणतील. त्यांना कामांचा क्रम कशावर ठरवला ते फळ्यावर लिहून दाखवा: जिथे टँकर आधी लागतो तिथे पाइपलाइन आधी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी विरोधी गल्लीचा नळ उशिरा सुटायला लागला, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला कुणी तोंडाने सांगितलेलं नसतं. तो नव्या सरपंचाला खूश करत असतो. म्हणून त्याला तुम्ही पहिल्या दिवशी बोलावून उलटं सांगा.

कठीण गोष्ट मागायची असेल तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, पुढे २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक तिथले बंधारे आणि झाडं बघायला जातात. मला तिथली बंधनं जास्त महत्त्वाची वाटतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, पाऊस किती झाला त्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिकं घ्यायची. दुष्काळी भागात शेतकऱ्याला बोअर घेऊ नको म्हणणं केवढं अवघड आहे ते सांगोल्याच्या माणसाला विचारा. असं मागणं फक्त तोच मागू शकतो, ज्याने आधी गावाचं काही केलंय आणि जो स्वतः ते पाळतो. तुमच्या स्वतःच्या रानात रात्री बोअरची गाडी लागली, तर पाणलोटाचे कितीही फलक लावा, उपयोग नाही.

आमच्या सांगोल्यात गणपतराव देशमुख होते. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, अकरा वेळा आमदार झाले, जुलै २०२१ मध्ये गेले. ते एसटीने फिरायचे. त्यातला साधेपणा लोक सांगतात, पण मला त्यातली सोय दिसायची: शेजारच्या सीटवर कुणीही बसू शकायचं आणि आपलं गाऱ्हाणं सांगू शकायचं, मध्ये पीए नाही, काच नाही. सरपंचाने पांढरी गाडी घेतली की पहिल्यांदा ती काच येते. गाडी घ्या, गरज असते. पण बाजाराच्या दिवशी पायी फिरा.

ताईंसाठी थोडं वेगळं

निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणून हे खास. खुर्चीवर तुम्ही बसा. ‘यजमान बघतात’ हे वाक्य पहिल्या मासिक सभेतच बंद करा. नातेवाइकांनी कारभारात बसायचं नाही असं सरकारने परिपत्रकांनी सांगितलेलं आहे. ते परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मागून घ्या आणि घरी शांतपणे वाचून दाखवा. भांडण न करता. नवरा चांगला असेल तर त्याला तुमच्या वस्तीफेरीला गाडी चालवायला सांगा, ती मदत खरी.

तुम्ही कारभार हातात घेतलात की तुम्हाला काढायचा प्रयत्न होऊ शकतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सरकारी जागेतल्या घराच्या कारणावरून अपात्र ठरवलं होतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहज पदावरून काढण्याबद्दल यंत्रणेला कडक शब्दांत सुनावलं. तेव्हा घाबरू नका. पण आपली कागदपत्रं, विशेषतः घराच्या जागेची आणि जातपडताळणीची, निवडून आल्यावर लगेच फाइलला लावा, आणि दर महिन्याच्या प्रोसिडिंगची एक झेरॉक्स घरी ठेवा.

एकटे जाऊ नका

हे लिहिताना जीव घाबरतो, पण लिहायलाच हवं. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडून खंडणी मागणाऱ्यांच्या ते आड आले म्हणून, असं तपासयंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं आहे. वाळू, गायरान, पवनचक्की, सोलर, महामार्गाचा मुरूम, जिथे मोठा पैसा गावात शिरतो तिथे सरपंच मध्ये येतोच. तिथे एकट्याने हिरोगिरी करू नये. आक्षेप लेखी द्या, एका दिवशी चार ठिकाणी द्या: पोलिस ठाणे, तहसीलदार, गटविकास अधिकारी, जिल्हाधिकारी. पोच घ्या. सरपंचाचा अर्ज म्हणून देण्याऐवजी ग्रामसभेचा ठराव म्हणून द्या, म्हणजे राग धरायला एक माणूस सापडत नाही, अख्खं गाव असतं. धमकीचा फोन आला तर घरच्यांना आणि ठाण्याला त्याच दिवशी सांगा. रात्री कुणी ‘मिटवायला’ बोलावलं तर जाऊ नका. आणि शेजारच्या गावचा सरपंच असा अडकला असेल तर आपला तालुका, आपला पक्ष न बघता आठ-दहा सरपंचांनी मिळून ठाण्यात जा. सरपंचांनी एकमेकांची काळजी घेणं हेही गावाचंच काम आहे.

मंगळवेढ्यात नोकरी केलेल्याला दामाजीपंतांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं उघडून लोकांना धान्य वाटलं, अशी परंपरा सांगते. कथेत पुढे विठ्ठल विठू महार होऊन पैसे भरतो. तुमच्यासाठी कुणी भरायला येणार नाही, म्हणून कोठार कायद्याने उघडायला शिका. टंचाईचा ठराव कधी द्यायचा, टँकरचा प्रस्ताव कसा जातो, चारा छावणीची मागणी कुठे करायची, रोजगार हमीचा मागणी अर्ज भरून दिनांकित पोच कशी घ्यायची. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता देय होतो, हे मजुराला सांगणारा सरपंच काही अधिकाऱ्यांना आवडत नाही. सांगा तरीही.

शेवटच्या वर्षात एक काम राहील. मुदत संपत आली की सरपंच रिबन कापत फिरतात. तुम्ही त्याऐवजी वस्त्यांची वही पुन्हा पहिल्यापासून चाला. गेलेल्यांची नावं खोडा, नवी लिहा, अडलेल्या कामांपुढे कार्यालयाचं नाव आणि अर्जाचा क्रमांक टाका. निकाल लागल्यावर चार्ज देताना नमुन्यांची, म्हणजे ठरलेल्या नोंदवह्यांची, यादी, शिल्लक, थकबाकी, चालू कामं हे सगळं जातंच. वही मात्र वेगळी, समक्ष, नव्या सरपंचाच्या हातात द्या, तो तुम्हाला पाडून आलेला असला तरी. एक तास बसा आणि पानोपान सांगा, कुठल्या घरी कुत्रं आहे, कुणाला ऐकू येत नाही, कुठे संध्याकाळीच जायचं कारण दुपारी बाई शेतात असते. तो ऐकेल. पहिल्या दोन महिन्यांत सगळे ऐकतात.